एकच माप

संतांविषयी काही बोलायला लागले की हल्ली दोन बाजूंनी एकच आक्षेप येतो. विद्यापीठातला अभ्यासक म्हणतो, 'तुम्ही माळकरी. तुमची श्रद्धा तुमच्या विचाराच्या आड येणार. संतांकडे तटस्थपणे पाहणे तुम्हाला जमायचे नाही.' फडावरचा माळकरी म्हणतो, 'ही पुस्तकी मंडळी कुठल्या ना कुठल्या विचारसरणीची असतात. त्यांना संत कुठे हवे असतात? त्यांना आपल्या मताला आधार हवा असतो.' दोघांचेही खरे मानले तर संतांविषयी सत्य बोलण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. मग ज्याचा आवाज मोठा, त्याचे संत, असा न्याय सुरू होतो. तो न्याय आज बराच चालतोही. म्हणून या आक्षेपाचा विचार नीट केला पाहिजे.

'तटस्थ' हा शब्दच आधी पाहू. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. चंद्रभागेच्या तीरावर उभ्या माणसाला पात्राची रुंदी दिसते, पलीकडचा काठ दिसतो. पाणी किती गार आहे, पायाखालची वाळू कुठे सरकते, हे मात्र पाण्यात उतरलेलाच सांगू शकतो. आणि उतरलेल्याला पात्राची रुंदी नीट कळत नाही. दोघांचेही ज्ञान खरे आहे आणि दोघांचेही अपुरे आहे. अपुरे असणे हा दोष नव्हे. आपले अपुरे तेच पुरे म्हणून दुसऱ्यावर लादणे, हा दोष.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे एक उदाहरण घेऊ. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. संतांनी जातिभेदाची धार बोथट केली, लोकभाषेला प्रतिष्ठा दिली, समाज एका सूत्रात बांधला आणि त्यातून स्वराज्याची भूमी तयार झाली, असे रानड्यांनी मांडले. युरोपातल्या धर्मसुधारणेशी त्यांनी या चळवळीची तुलना केली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना हे मान्य नव्हते. संतांच्या निवृत्तिपर शिकवणुकीने समाजाचा कर्तेपणा मंदावला, असा त्यांचा रोख होता. अभंग तेच, ओव्या त्याच, महाराष्ट्र तोच. एकाला त्यात उत्थान दिसले, दुसऱ्याला मांद्य.

असे का झाले? दोघेही थोर अभ्यासक होते आणि दोघांचे देशप्रेम वादातीत होते. हातातून गेलेले राज्य हे दोघांचेही दुःख होते. रानडे विचारत होते, 'हा समाज पुन्हा उभा कशाने राहील?' राजवाडे विचारत होते, 'हा समाज पडला कशाने?' संतांकडे ते गेले ते आपापला प्रश्न घेऊन. आपणही तसेच जातो. कोणी संसाराच्या तापातून जातो, कोणी मुक्तीच्या ओढीने, कोणी अपमानाची जखम घेऊन. प्रश्नाशिवाय कोणी ग्रंथ उघडत नाही. म्हणून 'मला कोणतीच बाजू नाही' असे म्हणणाऱ्याची बाजू बहुधा त्याला स्वतःलाच दिसत नसते.

पण एवढ्यावरून 'सगळे ज्ञान म्हणजे पक्षपातच' असा निष्कर्ष काढणे ही घाई होईल. मॅक्स वेबर या जर्मन विचारवंताने १९०४ साली हा गुंता सोडवायचा प्रयत्न केला. अभ्यासाला कोणता विषय घ्यायचा, त्यातले काय महत्त्वाचे मानायचे, हे आपली मूल्ये ठरवतात आणि ती ठरवणारच. मात्र विषय हाती घेतल्यावर उत्तर काय येते, हे मूल्यांनी ठरवायचे नसते. ते पुराव्याने ठरले पाहिजे. पुढे १९१७ मध्ये म्युनिकला विद्यार्थ्यांपुढे बोलताना त्याने शिक्षकाचे पहिले काम सांगितले. विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या मताला गैरसोयीची असलेली सत्ये ओळखायला आणि मान्य करायला शिकवणे, हे ते काम. प्रत्येक मताला अशी गैरसोयीची सत्ये असतात, आपल्याही मताला असतात, असे तो म्हणाला. हे साधन आपल्या साधनेच्या जवळचे आहे. चित्तशुद्धी म्हणजे तरी काय? आपल्याला नको असलेले स्वतःविषयीचे सत्य पाहण्याची तयारी.

वेबरनंतर कार्ल मानहाइम याने १९२९ साली आणखी एक अडचण पुढे आणली. माणूस ज्या वर्गात, ज्या स्थितीत जगतो, तिचा ठसा त्याच्या विचारावर उमटतो. शत्रूच्या विचारावर असा ठसा दाखवणे सोपे असते. तोच नियम स्वतःला लावायची पाळी आली की कठीण जाते. 'सर्व विचार स्थितीने बांधलेले आहेत' असे जो म्हणतो, त्याचे हे म्हणणेही स्थितीने बांधलेलेच नाही का? यातून सुटका करून देणारी उंच जागा कोणाला सापडलेली नाही. मार्ग एकच राहतो. जो नियम दुसऱ्याला, तोच आपल्याला.

जुन्या बाजारातला लबाड व्यापारी दोन मापे ठेवी. धान्य घ्यायचे माप मोठे, द्यायचे माप लहान. दोन्ही मापे लाकडाचीच, दोन्हींवर शिक्काही असे. लबाडी एखाद्या मापात सापडत नसे. दोन मापे शेजारी ठेवली म्हणजे ती उघडी पडे. विचारातला पक्षपात असाच असतो. विचारवंताला मत असणे म्हणजे पक्षपात नव्हे. आवडत्या पुराव्याला एक माप आणि नावडत्याला दुसरे लावणे, हा पक्षपात. आणि याच ठिकाणी सत्य आणि न्याय एकत्र येतात, कारण अन्यायाचीही व्याख्या शेवटी हीच आहे: माणसामाणसांना दोन मापे लावणे.

हे सगळे कसोटीला लावायचे तर त्यासाठी संत चोखोबांइतके जवळचे आणि अवघड उदाहरण आपल्या संप्रदायात दुसरे नाही.

चोखोबा मंगळवेढ्याचे. जातीने महार. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. हे सारे घर अभंग रचणारे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करीत असताना ते कोसळले आणि शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्ये, चोखोबांनी देह ठेवला, असे परंपरा सांगते. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या. अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होते, त्यावरून त्या ओळखल्या. त्या पंढरपुरात महाद्वारासमोर ठेवल्या गेल्या. आजही आत जाणारा प्रत्येक वारकरी तिथे मस्तक टेकवतो.

आता चोखोबांचे वाचक पाहा. पहिला वाचक भाविक. त्याला चोखोबांची अनन्य भक्ती दिसते, नामाचा आनंद दिसतो, देव त्यांच्या घरी राबला हे दिसते. चोखोबांची तक्रार समोर आली की तो म्हणतो, 'ते प्रेमाचे भांडण आहे.' दुसरा वाचक परिवर्तनवादी. त्याला विटाळाच्या कल्पनेवरचा प्रहार दिसतो, 'आम्हाला असा जन्म का दिलास' हा देवाला विचारलेला जाब दिसतो. पण आपला हीन जन्म पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहे, असे सांगणारा अभंग समोर आला की तो अस्वस्थ होतो. तिसरा वाचक त्याहून कठोर. तो म्हणतो, 'तो कर्माचा अभंग हाच खरा चोखा. या माणसाने गुलामी गोड मानून घेतली.' आंबेडकरी चळवळीतल्या अनेकांनी चोखोबांना याच कारणाने दूर ठेवले. आणि तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या मूळ इतिहासावरील आपला ग्रंथ ज्या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला, ते नंदनार, रविदास आणि चोखामेळा होते. हे सत्य तिन्ही वाचकांना थोडे थोडे गैरसोयीचे आहे.

या वाचकांची दोन मापे कुठे उघडी पडतात? 'प्रक्षिप्त' या शब्दापाशी. चोखोबांचे अभंग शतकानुशतके लोकांच्या कंठातून आणि वह्यांतून आले. छापले गेले ते फार उशिरा. त्यात मागून काही मिसळले असणे शक्य आहे. पण भाविक म्हणतो, 'संत असा कडवट बोलणार नाही, म्हणून तो अभंग मागून घुसडलेला.' परिवर्तनवादी म्हणतो, 'बंडखोर असा शरण जाणार नाही, म्हणून तो अभंग मागून घुसडलेला.' दोघांनीही पोथी पाहिलेली नाही, भाषा पाहिलेली नाही, पाठ ताडून पाहिलेला नाही. आपल्या मनातल्या चोखोबांशी जो जुळत नाही तो अभंग त्यांनी बाद केला. जुन्या पोथीचा आधार ही कसोटी असेल तर ती गोड अभंगालाही लागली पाहिजे आणि कडू अभंगालाही. ती लावल्यावर जे उरेल ते सगळे चोखोबांचे. आणि ते सगळे हाती घेतले की दिसतो तो माणूस कोणाच्याच पक्षात पुरा बसत नाही. तो देवावर जीव ओवाळतो, देवाशी भांडतो, विटाळ खोटा ठरवतो, आणि एखाद्या थकल्या क्षणी, जे त्याला लहानपणापासून ऐकवले गेले तेच स्वतःच्या तोंडाने बोलतो. यात विसंगती आहे, पण ती खोटेपणाची नाही. भार वाहणाऱ्या जिवंत माणसाची आहे.

आणि त्याच घरात कर्ममेळा आहे. बापाने जिथे दुःख नामात बुडवले, तिथे मुलाचा स्वर निराळा लागतो. आमचे खाणे उष्टे, आमचे जिणे हलके, मग तुझ्यापासून आम्हाला सुख ते कोणते, असा त्याचा देवाला सरळ सवाल आहे. आपल्या कीर्तनांत चोखोबा येतात, सोयराबाई येतात. कर्ममेळा किती वेळा येतो? त्याचे अभंग गाथेत आहेत, आपणच छापलेले आहेत, तरी ते क्वचितच कानावर पडतात. खोटे बोलण्याची गरज नसते. काही साक्षीदारांना बोलावलेच नाही, तरी निकाल हवा तसा लागतो.

साक्षीदाराचा हा विषय शास्त्राने फार पूर्वी हाताळला आहे. न्यायशास्त्रात आप्तवाक्याला प्रमाण मानले आहे. आप्त म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जी जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनांनी पुढे एक विलक्षण गोष्ट नोंदवली: आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. म्हणजे साक्ष खरी की खोटी, हे बोलणाऱ्याच्या जन्मावरून ठरत नाही. त्याने पाहिले आहे का, आणि तो पाहिले तसे सांगतो आहे का, एवढेच विचारायचे. मिरांडा फ्रिकर या इंग्लंडच्या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ साली एक ग्रंथ लिहून याच अन्यायाची उलटी बाजू मांडली. बोलणारा कोण आहे हे पाहून त्याच्या शब्दाचे वजन आधीच कमी धरणे, हा त्याच्यावर ज्ञाता म्हणून केलेला अन्याय आहे, असे त्या म्हणतात. विटाळ म्हणजे काय, हे जाणणारा आप्त कोण? ज्याने शास्त्रात त्याचे नियम वाचले तो, की ज्याच्या सावलीला लोक बाजूला सरले तो? वात्स्यायनांचे लक्षण लावले तर उत्तर स्पष्ट आहे.

ही साक्ष बाजूला ठेवल्याने काय घडते, ते १९४७ साली पंढरपुरात दिसले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांसाठी विठ्ठलमंदिर तोपर्यंत बंद होते. चोखोबांच्या समाधीपर्यंत यायचे आणि तिथून परत फिरायचे. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले. विरोध करणाऱ्यांचा मुख्य आधार होता परंपरा. उपोषणासाठी जागा मिळाली तीही परंपरेतच, तनपुरे महाराजांच्या मठात. १० मे रोजी उपोषण सुटले आणि दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला.

इथे कोणी म्हणेल, हा न्यायाचा प्रश्न होता, इतिहासाचा नव्हता. गुरुजींनी पोथ्या ताडून दार उघडले नाही. हा आक्षेप खरा आहे. शंभर पोथ्या ताडल्या तरी 'दार उघडा' हे वाक्य त्यांतून आपोआप निघत नाही. ते निघायला अंतःकरणात करुणा लागते. पण दार बंद ठेवणारा युक्तिवाद मात्र इतिहासाचा होता, आणि तो अर्धाच सांगितलेला इतिहास होता. 'आपली परंपरा अशी' असे म्हणताना चोखोबांच्या तक्रारीचे अभंग परंपरेत मोजलेच नव्हते. परंपरा म्हणजे दार बंद करणारे तेवढे. दारावर उभे राहून सहाशे वर्षे हाक मारणारे जणू परंपरेबाहेरचे. न्यायासाठी करुणा लागते हे खरे, पण अन्याय टिकायला बहुतेक वेळा अर्धसत्य पुरते. म्हणून पूर्ण सत्य सांगणारा अभ्यासक, त्याच्या मनात न्यायाचा विचार असो वा नसो, न्यायाचेच काम करतो.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. न्यायाच्या तळमळीने लिहिणारा जेव्हा गैरसोयीचा अभंग लपवतो, तेव्हा तोही चोखोबांवर अन्यायच करतो. तो म्हणतो, 'मी त्यांच्या बाजूने बोलतो आहे.' पण ज्यांच्या बाजूने बोलायचे त्यांचेच काही शब्द खोडून बोलणे, याला आवाज देणे म्हणत नाहीत. चांगल्या हेतूने लावलेले दुसरे मापही दुसरेच माप असते.

मग जवळीक आणि सचोटी एकत्र नांदू शकतात का? इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख याचे उत्तर देतो. त्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या आणि पालखीबरोबर पायी चालल्या. वारीतले प्रेम, ओव्या-अभंगांचा आनंद, अनोळखी बायांची माया हे सगळे त्यांनी जीव लावून लिहिले. दिंड्या जातवार वेगळ्या चालतात, भजन एकत्र होते आणि पंगती वेगळ्या बसतात, हेही त्यांनी लिहिले आणि त्याची खंतही लिहिली. काठावर राहिल्या असत्या तर त्यांना ते प्रेम कळले नसते. प्रेमाने डोळे झाकले असते तर ती पंगत दिसली नसती. वारीवर प्रेम असल्यामुळेच ती पंगत त्यांना टोचली.

आपल्या शास्त्रकारांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य कळावे म्हणून करतात तो वाद. जिंकावे म्हणून करतात तो जल्प. स्वतःची कोणतीच बाजू न मांडता समोरच्याचे नुसते खंडन करतात ती वितंडा. वाद हा शब्द आज भांडणासाठी वापरला जातो, ही आपल्या काळाची खूण म्हणावी लागेल. आपण कोणत्या प्रकारात बसतो, हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. आपण पूर्वपक्ष असा मांडला आहे का, की तो मानणारा माणूस ऐकून म्हणेल, 'होय, माझे म्हणणे हेच'? आपल्या मताविरुद्ध जाणारा एक तरी पुरावा आपण स्वतःहून पुढे ठेवला आहे का? आणि काय दाखवले असता आपण मत बदलू, हे आपल्याला सांगता येते का? तिन्हींना 'होय' म्हणता आले तर तो वाद. मग वक्ता माळकरी असो, मार्क्सवादी असो, आंबेडकरवादी असो, त्याच्यापासून सत्याला धोका नाही.

शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ ला, नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. माउलींवर त्यांची किती श्रद्धा होती, हे सांगायला नको. स्वतः ते समर्थ ओवीकार होते. तरी त्यांनी पाठ पारखले आणि ग्रंथात कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये, अशी निक्षून ताकीद देऊन ठेवली. श्रद्धा असलेल्या माणसाला तटस्थ राहता येत नाही, असे म्हणणाऱ्याने हे काम पाहावे. ज्याच्यावर आपली श्रद्धा आहे त्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत, आणि त्याचे शब्द गाळायचेही नाहीत. भक्तीचे हेच पथ्य आहे आणि अभ्यासाचेही.

आपल्यापुरते काम छोटे आहे. एखाद्या एकादशीला चोखोबांचे निरूपण करू तेव्हा त्यांचा नामाचा अभंग घ्यावा, जाब विचारणारा घ्यावा, कर्माचा घ्यावा आणि त्यांच्या मुलाचाही घ्यावा. श्रोत्यांत कोणाला एक रुचणार नाही, कोणाला दुसरा. आपल्या वाटेवरून जो रागावून परत गेला, त्याचे म्हणणेही त्याच्याच शब्दांत सांगावे. चारही अभंग एका मापाने मोजून श्रोत्यांपुढे ठेवावेत आणि निवाडा त्यांच्या विवेकावर सोडावा. ज्यांना जिवंतपणी दाराबाहेर उभे केले, त्यांचे निदान सगळे बोलणे तरी आत येऊ द्यावे.